टाइम मशीन डेलोरियनची बॅटरी प्रत्येक प्रदर्शनात बसते? नवी आणण्याआधी अर्थिंग तपासा

माझ्याकडे ‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमातल्या टाइम मशीनसारखी सजवलेली डेलोरियन आहे, प्रदर्शनात दाखवायची. तिच्यावर चढवलेल्या सिनेमातल्या सामानाला मी प्रॉप म्हणतो. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच आहे का ते लगेच ताडता येईल.

सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते. प्रदर्शनात जागेवर लावली, दोन्ही दारं वर केली, तारखांच्या तीन ओळींचे डिस्प्ले पेटवले, मागे फ्लक्स कपॅसिटरचे, म्हणजे सिनेमातल्या कालप्रवासाच्या यंत्राचे, दिवे धावायला लागले. तीनेक तास सगळं झकास. मग पिवळी ओळ मंद होते, आकडे थरथरतात, स्पीकरमधून घरघर यायला लागते. संध्याकाळी निघताना चावी फिरवली की मागून नुसती कटकट. जंप देऊन घरी आणायची, रात्रभर चार्जरला लावायची. आणि पुढचा आठवडा गाडी झाकून उभी असली तरी आठव्या दिवशी पुन्हा तीच कटकट.

माझ्याकडे चौदा महिन्यांत तीन बॅटऱ्या झाल्या. तिसरी बसली तो दिवस चांगला लक्षात आहे. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईचा हात धरून दाराशी उभा होता. तारीख कशी बदलतात म्हणून त्याने विचारलं. मी कीपॅडवर २६ ऑक्टोबर १९८५ टाकायला लागलो आणि वर्षापर्यंत पोचायच्या आत तिन्ही ओळी विझल्या. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्या संध्याकाळी ठरवलं, चौथी बॅटरी आणायची नाही. करंट जातो कुठे, ते आधी शोधायचं.

शोधल्यावर जे सापडलं ते या गाडीच्या घडणीशी बांधलेलं आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. ही गाडी, म्हणजे डेलोरियनची डीएमसी-१२, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टजवळच्या डनमरीच्या कारखान्यात १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत बनली, साधारण नऊ हजार. सगळे तिला स्टेनलेस स्टीलची गाडी म्हणतात, पण स्टेनलेस आहे ती फक्त कातडी, ३०४ ग्रेडचे बाहेरचे पत्रे. त्याखालचं अंग फायबरग्लासचं आहे आणि सगळ्यांत खाली पोलादी चेसिस, तिच्यावर इपॉक्सीचा थर. साध्या गाडीत बॉडीला कुठेही स्क्रू मारला की बॉडी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा रस्ता, मिळतो. इथे मिळत नाही. फायबरग्लासमधून करंट जात नाही, पत्रे एकमेकांना भरवशाने जोडलेले नाहीत, आणि चेसिसवरचा थरच इन्सुलेशनचं काम करतो. म्हणून कारखान्याने जिथे दिवा दिला तिथे अर्थची वायरही ओढून दिली. आपण प्रॉप बसवताना मात्र सवयीने हाताशी येईल त्या बोल्टला काळी वायर अडकवतो. आतून चकाकणारं धातू दिसतं, मीटरची टोकं लावली की बीपही वाजतो, आणि माणूस फसतो. बीप वाजायला चिमूटभर करंट पुरतो. पाच अँपिअर वाहायचे असतील तर तोच रस्ता अपुरा पडतो.

माझ्या गाडीत काय होतं ते जवळून दाखवतो. सीटमागची आडवी भिंत, जिच्यावर फ्लक्स कपॅसिटरचा डबा बसतो, तिच्या उजव्या कोपऱ्यात एक १० मिमीचा बोल्ट. त्यावर एकावर एक सात लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) चढवलेले, सात काळ्या वायरी. वरचे दोन लग हाताने फिरत होते. बोल्टच्या मुळाशी हिरवट पांढरी भुकटी, बोटाला लावली की खडूसारखी. हा बोल्ट फायबरग्लासमध्ये घुसलेला, म्हणजे तो स्वतः कुठेच पोचत नव्हता. त्याच्यापासून एक जाड काळी वायर डॅशखालच्या मुख्य स्विचकडे जायची आणि स्विचमधून बॅटरीच्या निगेटिव्हला. म्हणजेच सगळ्या प्रॉपचा स्विच लाल बाजूला नव्हता, काळ्या बाजूला होता. गाडी घेतली तेव्हापासून हे असंच होतं आणि मी कधी उघडून बघितलं नव्हतं.

काळ्या बाजूला स्विच असला म्हणून काय बिघडलं, वीज तर तोडतोच ना? तोडतो, जोवर परतीचा रस्ता एकच आहे तोवर. माझ्याकडे दुसरा रस्ता होता आणि तो स्पीकरमधल्या घरघरीने दाखवला. इफेक्टच्या आवाजाचं छोटं बोर्ड त्या सात वायरींपैकी एकीवर होतं. त्याचा आवाज गाडीच्या अँप्लिफायरला जायचा, आणि अँप्लिफायरचा निगेटिव्ह गाडीच्या मूळ वायरिंगमधून थेट बॅटरीवर. दोघांना जोडणारी ऑडिओ केबल, तिच्यावरची जाळी, ती दोन्हीकडे निगेटिव्हलाच टेकलेली. म्हणजे मी स्विच बंद केला तरी सगळी प्रॉप त्या केसासारख्या जाळीतून निगेटिव्हशी जोडलेलीच. आधी हँडल फिरवून डिस्प्ले विझवायचे आणि मग मुख्य स्विच बंद करायचा हा माझा क्रम, त्यामुळे अंधार दिसायचा. आत कंट्रोलर, कन्व्हर्टर आणि आवाजाचं बोर्ड मात्र रात्रंदिवस जागे. स्विच चालू असताना करंट दोन्ही रस्त्यांनी वाटला जायचा, आणि एलईडी जसे धावतील तशी स्पीकरमध्ये घरघर. मी वर्षभर ती घरघर स्वस्त स्पीकरच्या माथी मारत होतो.

हे मोजायचं कसं ते आता नीट सांगतो, कारण खरं काम इथेच आहे.

गाडी बंद करा, चावी काढा, दारं खाली. डेलोरियनची बॅटरी प्रवासी सीटच्या मागच्या कप्प्यात असते आणि फ्यूज-रिले चालकाच्या सीटमागे, त्यामुळे काम आत बसूनच करावं लागतं. दार उघडं ठेवायचं तर त्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, नाहीतर दारातल्या दिव्यांचा करंट मोजत बसाल. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि पोस्ट व केबल यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरमधला फ्यूज जागीच जाईल. आतल्या दिव्याचा टायमर संपेपर्यंत एखादं मिनिट थांबा. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर झोपी जायची वाट बघावी लागते तसं इथे काही नाही, तेवढं एक सुख आहे.

जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीत घड्याळ आणि रेडिओची मेमरी धरून काही मोजके मिलिअँपिअर दिसायला हवेत. पन्नासच्या वर आकडा असेल तर काहीतरी जागं आहे. माझ्याकडे ०.१९ अँपिअर दिसले. आकडा छोटा वाटतो म्हणून सोडू नका. दिवसाला साडेचार अँपिअर-अवर होतात, आठवड्याला तीसच्या वर. साठ अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी संपली. एकदा खोल उतरलेली सेल्फची बॅटरी तशीच आठ-आठ दिवस पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती कधीच पूर्ण भरत नाही. तीन बॅटऱ्या अशाच गेल्या.

नेहमीप्रमाणे मी फ्यूज एकेक काढून बघितले. आकडा हलला नाही. कारण उघड होतं, प्रॉपची लाल वायर फ्यूजबॉक्समधून येतच नव्हती, थेट बॅटरीवर होती. तिचा वेगळा फ्यूज काढला आणि आकडा ०.०१ वर आला. फ्यूज परत घातला, मुख्य स्विच बंदच, तरी ०.१९. मग एकेक प्रॉप सुटं करत गेलो आणि ऑडिओची पिन उपसली त्या क्षणी आकडा खाली पडला. पिन पुन्हा घातली, पुन्हा चढला. चार वेळा करून पाहिलं तेव्हा विश्वास बसला.

दुसरी चाचणी सगळं चालू असताना. मीटर व्होल्टवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नको, पोस्टवरच), लाल टोक प्रत्येक प्रॉपच्या निगेटिव्ह पिनवर. चांगल्या परतीच्या वायरीवर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसतं. माझ्या सात लगांच्या बोल्टवर १.४ दिसत होते. तेवढे व्होल्ट नुसते गंजात जळत होते, म्हणून आकडे थरथरायचे.

बॅटरी खरंच खराब आहे का हेही त्याच बैठकीत ठरवून टाका. पूर्ण चार्ज करून रात्रभर मोकळी ठेवल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. नंतर सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली जातं ते बघा. साडेनऊच्या खाली गेलं तर ती बदलायचीच आहे, पण गळती काढल्यावर बदला. इंजिन चालू असताना पोस्टवर १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर, सुरुवातीच्या गाड्यांतला डुसेलिए कंपनीचा, अपुरा पडायचा आणि कारखान्यानेच पुढे मोटोरोलाचा वापरला, तेव्हा जुना असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पुढचे दोन्ही पंखे फिरायला लागले की आयडलवर त्याची शिल्लक जवळजवळ शून्य.

गळती सापडली तरी प्रदर्शनात तीन तासांत बॅटरी का बसायची हे उरतंच. त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपणच निर्माण केलेली.

पहिलं कारण दारं. या गाडीच्या दारांच्या कडांना लाल-पिवळे दिवे आहेत, आत उजेडाचेही आहेत, आणि दार वर असेतो ते जळत राहतात. प्रदर्शनात दारं वर नसतील तर लोक थांबणारच नाहीत. पाच वॉटचा एक बल्ब म्हणजे ०.४ अँपिअर, आणि दोन्ही दारांचे मिळून माझ्याकडे साडेतीन अँपिअर भरले. सहा तासांत एकवीस अँपिअर-अवर, एकही प्रॉप न लावता. मी सगळे बल्ब एलईडी केले आणि त्या सर्किटला डॅशखाली एक लपवलेला स्विच दिला. स्विच नको असेल तर जागेवर पोचल्यावर आतल्या दिव्यांचा फ्यूज काढून खिशात ठेवा, तेही चालतं. दाराचं बटण अडकून दार बंद असतानाही दिवा जळत राहणं हा या गाड्यांचा नेहमीचा त्रास आहे. रात्री अंधारात काचेतून एकदा डोकावून बघा.

दुसरं कारण धूर. मागच्या व्हेंटमधून धूर निघाला की गर्दी दुप्पट होते हे मला मान्य आहे. पण धूर मशीनमध्ये हीटर असतो. ४०० वॉटचं छोटं मशीन इन्व्हर्टरवर लावलं की बारा व्होल्टच्या बाजूने पस्तीस ते चाळीस अँपिअर ओढतं. हे बॅटरीवर चालवायचं काम नाही. आयोजकांकडून मेनची लाइन मिळाली तर धूर, नाही मिळाली तर नाही, हा नियम मी कडक पाळतो.

पडद्यावरच्या गाडीचे दिवे एका शॉटपुरते लागायचे, आपण तेच सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाळतो, हे विसरून वायरिंग केलं की असं होतं. म्हणून उपाय म्हणाल तर मी एकच सांगेन: प्रॉपचं वायरिंग गाडीच्या वायरिंगपासून पूर्ण तोडा. स्वतंत्र बॅटरी, स्वतंत्र निगेटिव्ह, एकही सामायिक वायर नाही.

माझा हिशेब असा होता. तारखांच्या तीन ओळी बारा व्होल्टवर ०.७ अँपिअर, फ्लक्स कपॅसिटर ०.८, बाहेरच्या निळ्या पट्ट्या २.२, आवाज ०.६. एकूण ४.३. सहा तासांचे सव्वीस. डीप सायकल एजीएम बॅटरी (बंदिस्त, पुन्हा पुन्हा खोल उतरवता येणारी) निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही म्हणून साठची घेतली. ती केबिनमध्ये बसते, तेव्हा पाणी घालायच्या उघड्या बॅटरीचा विचारही करू नका, चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो. पट्ट्याने घट्ट बांधा, पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घाला आणि त्याच्या लगेच पुढे मुख्य स्विच, लाल बाजूला. व्होल्टेज १२ च्या खाली गेलं की आपोआप तोडणारं कटऑफ मिळतं, तेही लावा.

ही दुसरी बॅटरी अल्टरनेटरवरून भरावी का, असं बरेच जण विचारतात. डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी भरणारा) लावून करता येतं. मी केलं नाही. त्या बिचाऱ्या अल्टरनेटरवर आणखी ओझं टाकायचं आणि पुन्हा दोन्ही निगेटिव्ह एकत्र आणायचे, कशासाठी? घरी आलो की चार्जरला लावतो.

निगेटिव्ह जोडताना सात लग एका बोल्टवर चढवू नका. पितळी बसबार, म्हणजे ओळीने स्क्रू असलेली पट्टी, घ्या, प्रत्येक वायरीला आपला स्क्रू. लग नीट क्रिंप करा, ओढून बघा, वर श्रिंक स्लीव्ह. फ्लक्स कपॅसिटरचा डबा, डिस्प्ले, पट्ट्या, सगळ्यांची काळी वायर थेट त्या बसबारला, प्रॉपवरून प्रॉपला उड्या मारत नाही. आणि गाडीच्या मूळ अर्थचा काही दोष असेल तर तो मूळ जागीच साफ करा. नवा अर्थ हवा म्हणून चेसिसवरचा इपॉक्सी खरवडू नका. तो थर जिथे फुटतो तिथून ती चेसिस गंजते, आणि ती गेली की गाडीच गेली.

गाडीच्या बाहेरून पळणाऱ्या केबलींबद्दल माझं स्पष्ट मत आहे: त्या दिसण्यासाठी ठेवा. लॉस एंजेलिसच्या पीटरसन म्युझियममध्ये पुनरुज्जीवित केलेली मूळ गाडी आहे, तिच्यावरच्या केबलींची वळणं न् वळणं जुळवणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण पाऊस, ऊन आणि शेकडो हात लागणाऱ्या त्या जागेतून खरा करंट नेऊ नका. खऱ्या वायरी आतून.

इंजिन चालू करताना डिस्प्ले रीसेट होत असतील तर तेही वेगळ्या बॅटरीने थांबतं, कारण सेल्फच्या झटक्याने खाली जाणारं व्होल्टेज तिकडे पोचतच नाही. पाच व्होल्टसाठी कोणी ७८०५ रेग्युलेटर बसवला असेल तर तो मात्र बदला. बाराचे पाच करताना दीड अँपिअरला साडेदहा वॉट नुसती उष्णता होते. माझ्या डिस्प्लेच्या पेटीत त्याच्या शेजारचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं. स्विचिंग बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा) घ्या, हाताला गार लागतो.

वेगाच्या आकड्यासाठी गाडीकडून सिग्नल घ्यावा लागतो आणि तिथे दोन्ही वायरिंग पुन्हा एकत्र येऊ बघतात. मूळ स्पीडोमीटर ८५ मैलांवर संपतो, तेव्हाच्या अमेरिकी नियमामुळे, त्यामुळे सिनेमातला कालप्रवासाचा वेग, ८८ मैल, दाखवायला डॅशवर वेगळा डिजिटल आकडा लागतोच. त्याला मी जीपीएस मॉड्यूल दिलं. गाडीशी काही देणंघेणं नाही आणि आकडाही स्थिर. गाडीचाच सेन्सर हवा असेल तर मध्ये ऑप्टोकपलर घाला, तो वायरी न जोडता उजेडातून सिग्नल पलीकडे पोचवतो. आवाजासाठी तोच न्याय: प्रॉपचा स्वतःचा छोटा अँप्लिफायर, स्वतःचे स्पीकर. घरघर त्याच दिवशी गेली.

एक गोष्ट मी आधी केली असती तर बरं झालं असतं. मागे रिअॅक्टर आणि व्हेंट बसल्यावर इंजिनपर्यंत हात पोचत नाही, आणि सीटमागे सगळे डबे आल्यावर बॅटरीचं झाकणही उघडत नाही. बॅटरी बसलीच तर जंप द्यायला अर्धा तास प्रॉप उतरवावी लागतात. म्हणून गाडीच्या बॅटरीचे दोन टर्मिनल जाड केबलीने सहज पोचेल अशा जागी काढून ठेवा, झाकणाखाली, पॉझिटिव्ह फ्यूजसह. फ्यूज सेल्फचा करंट पेलेल एवढा मोठा हवा. त्यासाठी स्टेनलेसला भोक पाडू नका, आधीची भोकं आणि ब्रॅकेट पुरतात. त्या पत्र्याला रंग नाही, चुकलेलं भोक बुजवून झाकायची सोय नाही.

फ्लक्स कपॅसिटरच्या डब्यावर पडद्यावरच्या गाडीप्रमाणे एक पट्टी असते, उघडण्याआधी ड्राइव्ह तोडा अशा अर्थाची. माझ्या डब्यावर तिच्याशेजारी आता मराठीत दुसरी पट्टी आहे: आधी लाल स्विच, मग झाकण. गाडी दाखवायला मदतीला येणारी मुलं ती वाचतात आणि पाळतात.

काम झाल्यावर पुन्हा मोजलं. सगळं बंद, गाडीच्या बॅटरीवर ०.०१ अँपिअर. प्रॉपच्या बॅटरीवर स्विच बंद केल्यावर शून्य. गाडी तीन आठवडे झाकून ठेवली, १२.५ व्होल्ट. पुढच्या प्रदर्शनात सहा तास दिवे चालले आणि प्रॉपची बॅटरी १२.३ वर थांबली. संध्याकाळी सेल्फ मारला, अर्ध्या वळणात इंजिन लागलं.

तयार किट विकत घेऊन बसवलं असेल तर आज रात्री एवढंच बघा: स्विच बंद करा, प्रॉपच्या लाल वायरीतला फ्यूज काढा आणि त्या जागी मीटर अँपिअरवर लावा. शून्याशिवाय काहीही दिसलं तर ऑडिओची पिन, यूएसबीची केबल, स्पीड सेन्सरची वायर, या क्रमाने उपसत जा.